डागाळलेल्या दातांचा शोध

टूथपेस्टमधील फ्लोराइड हे विष तर नव्हे, असे मिस्सा आटोपल्यावर काही माता कधी कधी विचारतात. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर इतिहासातच दडलेले आहे.

तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके १९०१ साली अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे आले. तेथेच जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर न जाणारे तपकिरी डाग त्यांना दिसले. १९०९ साली नामवंत दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या अभ्यासातून एक अजब गोष्ट पुढे आली: हे कुरूप दात सहसा किडत नसत!

मॅके यांचा संशय पाण्यावर होता. १९२३ साली आयडाहोतील ओकली गावच्या पालकांनी त्यांना बोलावले. पाच मैलांवरील उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आल्यापासून मुलांचे दात डागाळू लागले होते. पाण्याच्या तपासणीत काहीच गवसले नाही. तरीही मॅके यांच्या शब्दाखातर गावाने ती नळयोजना सोडली, आणि काही वर्षांत धाकट्या मुलांना निर्मळ दात आले. कारण ठाऊक नसताना दाखविलेला हा विश्वास मला मोठा वाटतो.

कारण उमगले १९३१ साली, आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या ॲल्युमिनियम कंपनीच्या गावी. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात, अशी ओरड तेव्हा चालली होती. डागांचे खापरही आपल्या माथी फुटेल, या धास्तीने कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी गावचे पाणी तपासले आणि त्यात फ्लोराइड आढळले. बचावाच्या धडपडीतून जगाचे हित साधले म्हणायचे.

पुढे डॉ. ट्रेंडली डीन यांनी मात्रा निश्चित केली. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम असेल, तर दात सहसा विद्रूप होत नाहीत आणि कीडही रोखली जाते. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यात आले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांतील कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली. टूथपेस्टचा प्रसार झाल्यावर पाण्यातील फ्लोराइडचा लाभ पूर्वीइतका उरला नाही. २०१५ साली अमेरिकेने शिफारशीची मात्रा ०.७ मिलिग्रॅमवर आणली.

आपल्याकडची कथा उलटी आहे. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील कित्येक विहिरींत हे द्रव्य निसर्गतःच अधिक असते; वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांची हाडे ताठरतात. तेथे फ्लोराइड काढून टाकणे हेच आरोग्य होय. इतरत्र मुलांच्या ब्रशवर तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहाव्यापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते; ती गिळू न देता थुंकायला शिकवावी.