‘हा आजार आपल्याकडे नसतो’ : एका गैरसमजाचा इतिहास

बाळाचा पापा घेताना ओठांना मिठाची चव लागते का? सोबत हटत नसलेला खोकला, तेलकट, दुर्गंधीयुक्त शी आणि न वाढणारं वजनही आहे? मग हा लेख नीट वाचा.

ज्या बाळाचं कपाळ खारट लागतं ते जगत नाही, अशी समजूत युरोपात फार जुनी. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांवरून या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. स्वादुपिंडातल्या पुटी आणि तंतूंवरून ‘सिस्टिक फायब्रोसिस’ हे नाव पडलं. पुढे तिथल्या उष्णतेच्या लाटेत हीच मुलं जास्त कोलमडताना दिसली. डॉ. पॉल दि सांत'आन्येसे यांनी 1953 मध्ये कारण दाखवलं: त्यांच्या घामात मीठ जास्त जातं. 1959 मध्ये गिब्सन आणि कुक यांनी घामाची सोपी तपासणी दिली, तर 1989 मध्ये सातव्या गुणसूत्रावरचं सदोष जनुक सापडलं.

छातीत काय होतं? क्लोराइडची वाट बंद झाल्याने श्वासनलिकेतला कफ घट्ट होतो. त्यात स्टॅफिलोकॉकस, पुढे स्यूडोमोनाससारखे जंतू मुक्काम ठोकतात. त्यांना मारायला पांढऱ्या पेशी धावतात. पण मरताना त्यांच्यातली द्रव्यं श्वासनलिकांनाच इजा करतात आणि कफ आणखी चिकट होतो. जंतू, सूज, कफ असं हे चक्र वर्षानुवर्षं फिरतं. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात.

‘हा गोऱ्यांचा आजार’ असं आपल्याकडे बराच काळ मानलं गेलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या, तरी समजूत टिकली. त्यामुळे अशी मुलं ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ किंवा ‘बाळदमा’ म्हणून उपचार घेत राहिली. ठाकूरद्वार असो वा परळ, क्षयरोग आपल्याकडे खराच जास्त आहे, म्हणून मनात आधी तोच येतो. पण उपचार पूर्ण होऊनही खोकला परत परत येत असेल, तर घामातल्या क्लोराइडची तपासणी सुचवायला हवी. ती सुईशिवाय होते. 60 किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर आजाराची शक्यता दाट असते.

छातीची फिजिओथेरपी, नेब्युलायझर, योग्य अँटिबायोटिक, पाचक एन्झाइम आणि पुरेसं मीठ यांनी आयुष्य खूप सुधारतं. 2012 पासून मूळ दोषावर काम करणारी औषधंही आली. ती फार महाग आहेत आणि प्रत्येक जनुकदोषाला लागू पडत नाहीत.

दोन सूचना. क्षयाची औषधं स्वतःहून बंद करू नका. आणि निदान झालेल्या मुलाला ऑक्टोबरच्या उकाड्यात जादा मीठ-पाणी किती द्यायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.