औषध प्रतिनिधी : बॅगेपासून बढतीपर्यंत

विज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी हाती आहे, लगेच नोकरी हवी आहे आणि दिवसभर एका टेबलाशी बसण्याची तयारी नाही, अशा उमेदवारासाठी विक्री व विपणन क्षेत्रातील एक दार वर्षानुवर्षे उघडे राहिले आहे. ते दार औषध कंपनीच्या प्रतिनिधीचे, म्हणजेच ‘एमआर’चे. टाय, काळी बॅग आणि दवाखान्याच्या बाकावर रुग्णांसोबत वाट पाहणारा तरुण हे या व्यवसायाचे सर्वांच्या परिचयाचे चित्र. या कामात प्रवेश तुलनेने सोपा असतो. खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन वर्षांत होते, आणि तिचा विषय बोलघेवडेपणा हा नसतो.

हा व्यवसाय भारतात एवढा का फोफावला, याचे उत्तर पेटंट कायद्यात आहे. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले. केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला संरक्षण उरले. त्यामुळे एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी बाजारात आणू लागल्या. २००५ मध्ये उत्पादनावरील पेटंट परत आले, तरी जुन्या औषधांचा हा बाजार तसाच आहे. गोळी तीच, नावे मात्र अनेक. त्यातच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात साबण-टूथपेस्टप्रमाणे सर्वसामान्यांसाठी करता येत नाही. पैसे रुग्ण मोजतो, औषध दुकानदार देतो, पण निवड डॉक्टर करतात. मग डॉक्टरांपर्यंत आपले नाव पोहोचवण्यासाठी माणूसच पाठवावा लागतो.

दिवस कसा जातो?

प्रतिनिधीला एक मुख्यालय आणि त्याभोवतीचा भाग नेमून दिलेला असतो. त्याच्या यादीत साधारण दीडशे ते दोनशे डॉक्टर असतात आणि दिवसाला दहा-बारा भेटींची अपेक्षा असते. कोणत्या दिवशी कोणता भाग, हा दौऱ्याचा कार्यक्रम महिन्याआधी मंजूर करून घ्यावा लागतो. सकाळी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, दुपारी औषध दुकाने आणि घाऊक विक्रेते, संध्याकाळी खासगी दवाखाने असा क्रम असल्याने घरी परतायला रात्रीचे दहा वाजणे नवलाचे नाही. बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता वेगळा मिळतो. नाशिकच्या प्रतिनिधीने धुळे-नंदुरबारपर्यंत जाणे या व्यवसायात सामान्य मानले जाते.

प्रत्यक्ष डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ मात्र एक-दोन मिनिटांचा. तेवढ्यात औषधाचा घटक, मात्रा, कोणत्या रुग्णाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे नेमके सांगायचे असते. त्याला ‘डिटेलिंग’ म्हणतात. पूर्वी त्यासाठी छापील चित्रपुस्तिका असे. आता बहुतेक कंपन्या टॅब्लेट देतात, आणि त्याच उपकरणातून प्रतिनिधी कोठे, किती वाजता होता याचीही नोंद होते. पाठ केलेले भाषण म्हणून दाखवणारा प्रतिनिधी डॉक्टरांच्या पहिल्याच उलट प्रश्नाला अडखळतो. ज्याला शरीरक्रियाशास्त्राची जाण आहे, तो त्या प्रश्नावरच पुढची भेट मिळवतो.

टार्गेटचे गणित

नव्या उमेदवाराला हे गणित मुलाखतीत क्वचितच समजावून सांगितले जाते. औषधाच्या विक्रीचे दोन आकडे असतात. कंपनीच्या डेपोतून घाऊक विक्रेत्याकडे, म्हणजे स्टॉकिस्टकडे, गेलेला माल ही ‘प्रायमरी’ विक्री. स्टॉकिस्टकडून दुकानदाराकडे गेलेला माल ही ‘सेकंडरी’. समजा महिन्याच्या आरंभी स्टॉकिस्टकडे दोनशे पट्ट्या होत्या, त्याने नऊशे नव्या घेतल्या आणि महिनाअखेर सातशे शिल्लक राहिल्या. कागदावर नऊशेचे टार्गेट पुरे झाले; खपल्या मात्र चारशेच.

उरलेल्या मालाचा हिशेब पुढच्या महिन्यांत चुकता करावा लागतो. म्हणूनच महिन्याचा शेवटचा आठवडा, ज्याला ‘क्लोजिंग’ म्हणतात, हा या व्यवसायातील सर्वांत कठीण काळ. वरिष्ठांचा फोन, स्टॉकिस्टची विनवणी, ‘माल घ्या, पुढे पाहू’ अशी भाषा. त्या ‘पुढे’चा अर्थ मुदत संपलेल्या औषधांची परतफेड असा होतो, आणि तोवर बोनसची रक्कम घेऊन वरिष्ठ दुसऱ्या विभागात गेलेले असतात. काही प्रतिनिधी दबावापोटी स्वतःच्या खिशातून माल उचलतात. ही सवय एकदा लागली, की पगार कितीही असो, महिना पुरत नाही. उलट, सेकंडरीचा आकडा दर आठवड्याला स्वतः लिहून ठेवणारा आणि वाढीव मालाला सभ्यपणे नकार देऊ शकणारा प्रतिनिधी प्रथम मागे पडल्यासारखा दिसतो, पण टिकतो तोच.

बढतीचा क्रम ठरलेला आहे : प्रतिनिधी, एरिया मॅनेजर, रीजनल मॅनेजर, झोनल मॅनेजर. पहिली पायरी सर्वांत अवघड. उत्तम विक्री करणारा माणूस चार-पाच जणांकडून काम करवून घेऊ शकेलच असे नाही, आणि पद नाकारले तर वयाच्या चाळिशीतही बॅग खांद्यावर राहते. विपणनाकडे वळण्याचा दुसरा मार्ग मुख्य कार्यालयातील प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदाकडे जातो. तेथे प्रत्यक्ष फिरतीचा अनुभव असलेल्यांना महत्त्व असते, मात्र व्यवस्थापनाची पदवी मागितली जाते. मोहालीच्या ‘नायपर’मध्ये आणि मुंबईच्या ‘एनएमआयएमएस’मध्ये औषध क्षेत्राचा स्वतंत्र एमबीए अभ्यासक्रम आहे. वैद्यकीय उपकरणे, रोगनिदान यंत्रे आणि रुग्णालयांच्या खरेदी विभागाशी होणारे व्यवहार या क्षेत्रांतही हा अनुभव उपयोगी पडतो.

बदललेले नियम

भेटवस्तू देऊन चिठ्ठी मिळवण्याचे दिवस कायद्याने तरी मागे पडले आहेत. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च स्वीकारण्यास वैद्यकीय परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये मनाई केली. अशा खर्चावर कंपन्यांना प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विपणनाची नवी आचारसंहिता जाहीर केली. तीनुसार एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बारापेक्षा अधिक नमुना-संच देता येत नाहीत. बाजारात येऊन वर्ष उलटलेल्या औषधाला ‘नवे’ म्हणता येत नाही. आणि भेट मिळावी म्हणून कोणत्याही स्वरूपात पैसे मोजता येत नाहीत. प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी कंपनीवर आहे. मे २०२५ मध्ये तर केंद्र सरकारच्या रुग्णालयांत प्रतिनिधींना डॉक्टरांची भेट घेऊ देऊ नये, माहिती ई-मेलने पाठवावी, अशा सूचना निघाल्या. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या कामाची जागा आकसत आहे, माहिती देऊ शकणाऱ्याची नाही.

नोकरीच्या सुरक्षिततेचा इतिहासही उमेदवाराने जाणून घ्यावा असा आहे. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला; नेमणूकपत्र, कामावरील काळाच्या एक-अकरांश इतकी अर्जित रजा आणि ग्रॅच्युइटी यांचा हक्क त्याने दिला. तरीही औषध प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येतील ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या ‘कामगार’ या व्याख्येत मात्र विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘ऑफिसर’ हे नुसते पदनाव त्या व्याख्येबाहेर काढण्यास पुरेसे नसते. प्रत्यक्ष काम कोणते, हे पाहिले जाते.

नेमणूकपत्र हाती पडताच उमेदवाराने काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. इन्सेंटिव्ह प्रायमरीवर की सेकंडरीवर? मुदत संपलेला माल परत आल्यास त्याची वजावट कोणाच्या खात्यातून? दुचाकीच्या पेट्रोलचा दर शेवटचा केव्हा वाढवला? आणि ज्या भागात नेमणूक होत आहे, तेथे गेल्या तीन वर्षांत किती प्रतिनिधी बदलले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळाले नाही, तर त्या भागातील औषध दुकानदार ते विनामूल्य देतो.