वाऱ्याची वाट पाहणारी माणसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या वर्गात इतिहास आणि भूगोल यांचे तास वेळापत्रकात वेगळे असले तरी फळ्यावर ते कधी वेगळे राहत नसत. इतिहासाच्या तासाला ते प्रथम नकाशा टांगीत आणि मग विचारीत, "वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे?" आम्हा मुलांना तेव्हा हा प्रश्न गमतीचा वाटे. पुढे आयुष्यभर इतिहास वाचल्यावर मला असे वाटू लागले की जगाच्या एका मोठ्या भागाचा इतिहास समजून घ्यायला याहून चांगला प्रश्न नाही. भूगोल, व्यापार आणि श्रद्धा या तिन्हींनी मिळून संस्कृती कशा घडवल्या, हा विषय अफाट आहे. मी त्यातील एकच उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या काठचे जग.

या समुद्राला एक नियम आहे, जो भूमध्य समुद्राला नाही आणि अटलांटिकलाही नाही. उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे आत ओढले जातात. हिवाळ्यात जमीन निवते आणि वारे उलट फिरून ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. जून ते सप्टेंबर एक दिशा, नोव्हेंबर ते मार्च दुसरी. आपण ज्याला मोसमी वारे म्हणतो त्यातील 'मोसम' हा शब्द अरबी आहे, आणि इंग्रजांचा 'मॉन्सून'ही त्याच घरचा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' हे समुद्रमार्गाचे पुस्तक आज उपलब्ध आहे. इजिप्तमधून भारताकडे जाणाऱ्या जहाजांनी जुलैच्या सुमारास निघावे, असे त्यात सांगितले आहे. त्यात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही आपल्या ओळखीची गावे आहेत. आपल्या वडोदऱ्यापासून जवळच असलेल्या भरूच बंदराचे त्यातील वर्णन तर फारच सजीव आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीचा वेग एवढा की परक्या जहाजाला आत शिरणे धोक्याचे. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजांना ओढून, वाट दाखवून बंदरात आणीत. परक्याला हात धरून आत आणण्याची ही व्यवस्था दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

पण वाऱ्याच्या या नियमाचा एक परिणाम असा आहे की ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वारा माणसाला नेतो, तसा तो माणसाला थांबवतोही. सप्टेंबरात भारताच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजाला वारा फिरल्याशिवाय परतता येत नसे. तेवढ्यात माल विकला गेला नाही, मिरी वेळेवर आली नाही किंवा येणे वसूल झाले नाही, की मुक्काम पुढच्या वर्षावर जाई. भर पावसाळ्यात तर आपल्या पश्चिम किनाऱ्याची बंदरे बंदच असत. श्रावणी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला नारळ अर्पण करतात, त्यामागे हेच बंद झालेले दार पुन्हा उघडण्याची प्रार्थना आहे. सारांश, या समुद्रावरचा व्यापारी हा केवळ प्रवासी नव्हता. तो वर्षातील कित्येक महिने दुसऱ्याच्या गावात राहणारा माणूस होता. त्याला तिथे घर हवे, विहीर हवी, न्याय हवा, प्रार्थनेला जागा हवी आणि मेल्यावर पुरायला किंवा जाळायला जमीन हवी. संस्कृतींचा खरा संबंध जहाजे चालू असताना आला नाही, तर ती थांबलेली असताना आला, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

या थांबण्याच्या खुणा फार दूरदूर सापडतात. येमेनच्या दक्षिणेस सोकोत्रा नावाचे बेट आहे. तेथील होक नावाच्या खोल गुहेत इ. स. २००० नंतर संशोधकांना भिंतींवर कोरलेले आणि लिहिलेले अनेक लेख आढळले; त्यांतील बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. ते लिहिणारे भारतीय नावाडी आणि व्यापारी होते आणि त्यांतील काहींनी आपण भरूचचे असल्याचे नोंदवले आहे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात उत्खननात साडेसात किलो काळी मिरी एका भारतीय रांजणात मिळाली, तीही देवळाच्या आवारात. त्याच गावी २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. मसाला आणि मूर्ती एकाच वाटेने गेली.

आता मध्ययुगाकडे येऊ. कैरोजवळ फुस्तात येथे ज्यूंचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. ज्या कागदावर देवाचे नाव असेल तो नष्ट करू नये, या श्रद्धेने तेथील लोक जुनी पत्रे आणि दस्तऐवज एका कोठीत टाकीत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती कोठी विद्वानांच्या हाती आली आणि तिच्यात हिंदुस्थानच्या व्यापाराची शेकडो पत्रे निघाली. श्रद्धेमुळे व्यापाराचा इतिहास वाचला, असे याला म्हणता येईल.

त्या पत्रांत अब्राहम बेन यिजू नावाचा गृहस्थ भेटतो. तो मूळचा ट्युनिशियातील महदिया गावचा. १२व्या शतकाच्या चौथ्या दशकात तो मंगळुरास आला आणि सुमारे सतरा वर्षे तिकडेच राहिला. मिरी, सुपारी आणि लोखंड तो एडनला पाठवी. जुनी तांब्यापितळेची भांडी तिकडून मागवी आणि आपल्या कारखान्यात नव्याने घडवून परत पाठवी. मलबारात लिहायला ताडपत्र असे, म्हणून एडनचे मित्र त्याला कागद भेट पाठवीत. १७ ऑक्टोबर १९३२ ही तारीख आपल्याला जवळची वाटेल. त्याच्या बरोबर आठशे वर्षे आधी, १७ ऑक्टोबर ११३२ रोजी, त्याने आशू नावाच्या एका भारतीय दासीला मुक्त केल्याचे पत्र लिहिले. तीच त्याच्या मुलांची आई असावी, असे अभ्यासक मानतात. हे चित्र गोड नाही, हेही ध्यानात घ्यावे. ज्या बाजारात मिरी विकली जाई, त्याच बाजारात माणसेही विकली जात.

परंतु प्रश्न असा, की एडनचा व्यापारी सहा महिने पत्राचे उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही आपले भांडवल मंगळुरास कशाच्या भरवशावर पाठवी? तिथे त्याची फौज नव्हती. त्याचा भरवसा समाजावर होता. फसवणाऱ्याचे नाव पुढच्या मोसमात प्रत्येक बंदरातील प्रार्थनास्थळात पोहोचणार, ही खात्री हाच त्याचा जामीन. ज्यूंप्रमाणेच अरब, गुजराती वाणी आणि तमिळ व्यापारी-संघ याच रीतीने चालत. श्रद्धा ही मनाची शांती तर होतीच. पण समुद्रापलीकडे ती पत म्हणूनही चाले.

आपापल्या समाजात विश्वास असा टिकला. परंतु यजमान आणि पाहुणा भिन्न श्रद्धेचे असताना काय होत असे? याची साक्ष दगडांवर आणि ताम्रपटांवर आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेला शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा एक ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्यानुसार संजाणच्या प्रदेशाचा कारभार मधुमती नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे 'महंमद' या नावाचे संस्कृत रूप. त्याने नद्यांवर मोफत तरी चालू केल्या, अन्नसत्र काढले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेस दान दिले. राजा हिंदू, कारभारी मुसलमान आणि दान देवीला!

दुसरी साक्ष सोमनाथ-वेरावळची. तेथील मंदिरावर गझनीच्या महमुदाची स्वारी १०२५-२६ साली झाली, हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यानंतर सुमारे २३८ वर्षांनी, १२६४ मध्ये, होर्मुझचा नाखुदा नुरुद्दीन फिरोज याने त्याच नगरात मशिदीसाठी जमीन मिळवली. हे फारच थोड्यांना ठाऊक असते. तेव्हा गुजरातेत वाघेला राजा अर्जुनदेव होता, आणि सोमनाथच्या पाशुपत आचार्यांचा या व्यवहारात सहभाग होता. लेख संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत आहे. संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह असे चार शक एकत्र दिले आहेत, आणि परमेश्वराला 'विश्वनाथ' म्हटले आहे. अरबी पाठाचा सूर मात्र वेगळा आहे. हे नगर पुढे इस्लामचे व्हावे, अशी इच्छा त्यात व्यक्त झाली आहे.

हा फरक मी मुद्दाम सांगितला. तेव्हाचे लोक आपल्याहून उदार मनाचे होते, असे गोड चित्र रंगवायचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. दोन्ही पक्षांची मने एक झाली नव्हती. आपापला देवच श्रेष्ठ, असे दोघेही मानीत होते. तरीही जमिनीचा व्यवहार लिहिला गेला, साक्षी झाल्या आणि तो दगडावर कोरला गेला. तिथे मनोमीलन नव्हते, व्यवस्था होती. आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पुरली.

अशीच व्यवस्था या समुद्राच्या सर्व काठांवर दिसते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किल्वा हे बंदर भरभराटीस आले, याचे एक कारण अरबस्तानातून एकाच मोसमात तेथवर जाऊन परतणे शक्य होते. तिथे थांबणाऱ्या आणि स्थायिक होणाऱ्या लोकांच्या सहवासातून स्वाहिली संस्कृती बहरली. भाषेचा सांगाडा आफ्रिकी, शब्दांची भर अरबी. श्रीलंकेतील गॉल येथे १४०९ सालचा एक शिलालेख सापडला. चीनचा नौदलप्रमुख झेंग हे याने तो आणवला. त्यात चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर विष्णुरूप स्थानिक देवाला आणि फारसी मजकूर अल्लाला भेटवस्तू अर्पण करतो. तिघांनाही नाराज न करणे हे त्या समुद्रावरचे साधे व्यवहारज्ञान होते.

यावर कोणी म्हणेल, मग सारे वाऱ्यानेच घडवले की काय? तसे असते तर इतिहास शिकण्याचे कारणच उरले नसते. १४९८ साली वास्को द गामा मालिंदीहून जाणत्या वाटाड्याला घेऊन, अनुकूल वाऱ्यावर, २६ दिवसांत केरळच्या किनाऱ्यास लागला. परतताना त्याने वारा फिरण्याची वाट पाहिली नाही. ऑगस्टअखेरीस तो कालिकतहून निघाला आणि ऑक्टोबरच्या आरंभी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून त्याने समुद्र ओलांडायला घेतला. जो पल्ला येताना सव्वीस दिवसांचा होता, त्याला जाताना सुमारे तीन महिने लागले. खलाशी रोगाने इतके मेले की पुढे चालवायला माणसे नाहीत म्हणून एक जहाज जाळावे लागले.

वाऱ्याचा नियम पोर्तुगीज लवकरच शिकले. यजमान-पाहुण्याचा नियम मात्र त्यांनी नाकारला. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ त्यांनी घेतले. समुद्रावर चालण्यासाठी त्यांचा परवाना लागू लागला, आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. वारे तेच, समुद्र तोच, मिरीही तीच. बदलली ती माणसांची व्यवस्था. भूगोल दार उघडून देतो. आत येऊन कसे वागायचे हे माणसे ठरवतात.

पुढे वाफेच्या बोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण संपले. आज या शाळेचे माजी विद्यार्थी एका रात्रीत समुद्र ओलांडतात. प्रवास सुकर झाला, याचा आनंदच आहे. पण थांबावे लागे म्हणून जो शेजार घडत असे, तो आता आपोआप घडत नाही. आता तो जाणीवपूर्वक घडवावा लागतो.

हे सारे मी वडोदऱ्यात बोलतो आहे, याचे मला भान आहे. आपले पूर्वज इथे मिरी विकायला आले नव्हते; अठराव्या शतकात ते गायकवाडांच्या घोडदळाबरोबर आले आणि राहिले. तलवारीने आलेल्यांनाही अखेर शेजाऱ्याच्या भाषेत भाजी घ्यावी लागली, त्याच्या सणात उभे राहावे लागले, आणि घरात मराठी टिकवून बाजारात गुजराती बोलावी लागली. अशी शाळा इतकी वर्षे चालली, ती एकट्या आपल्या निष्ठेवर नव्हे; ज्यांच्या गावात आपण राहिलो, त्यांनी जागा दिली म्हणूनही. आणि आज आपल्या गल्लीत दूरच्या प्रांतातून कामाला आलेला जो तरुण भाड्याची खोली शोधत फिरतो, त्याच्या दृष्टीने यजमान आता आपण आहोत.

गुरुजी असते तर त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे? उत्तर चुकले तरी ते रागावत नसत. पण दाराशी आलेल्याला बसायला सांगितले नाही, तर मात्र रागावत.