वृद्धांचे पाय आणि रुधिराभिसरण

घरांतील वडील माणसांचे पाय चेपून देणें ही आपल्याकडील सेवेची जुनी रीत आहे. वाग्भटानेंहि दिनचर्येंत नित्य अभ्यंग सांगितला असून डोकें, कान व पाय यांस विशेषेंकरून तेल लावावें असें म्हटलें आहे. अजीर्ण झालेल्यानें व कफग्रस्तानें मात्र तो टाळावा, हेंहि त्यानें तेथेंच सांगून ठेविलें; हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणें विसरतों. अंग चोळल्यानें बरें वाटतें, हा अनुभव फार जुना. परंतु अंगांत रक्त फिरतें कसें, हें पुष्कळ उशिरां कळलें.

१६०३ सालीं इटलींतील पादुआ येथील फाब्रिसियस यानें शिरांतील झडपांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पण त्यांचें खरें कार्य त्यास उमगलें नव्हतें. तेथेंच शिकून गेलेल्या विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं दाखविलें कीं, रक्त हृदयापासून रोहिणींतून बाहेर जातें, नीलांतून परत येतें, आणि या झडपा त्यास मागें फिरूं देत नाहींत. पावलांपासून हृदयापर्यंतची चढण रक्ताकडून चढवून घेण्याचें काम बव्हंशीं पोटरीचे स्नायू करितात. पाऊल पडतांना ते आवळतात व आंतील शिरा पिळल्या जातात. वय वाढून झडपा ढिल्या पडल्या कीं रक्त खालीं सांचतें, घोटे सुजतात, आणि कधीं घोट्यापाशीं असा व्रण पडतो कीं तो वर्षानुवर्षें भरून येत नाहीं.

अशा व्रणावर अंथरुणास खिळून राहाणें हाच राजमार्ग समजत. ज्याचें हातावर पोट त्यास हा उपाय रोगाहून महाग! ब्रिस्टलचा शस्त्रवैद्य थॉमस बेंटन यानें १७९७ सालीं आपल्या पुस्तकांत निराळीच रीत मांडली. चिकट पट्ट्या पायाभोंवतीं ताणून बसवावयाच्या, वरून कापड गुंडाळावयाचें, तें थंड पाण्यानें भिजवावयाचें, आणि रोग्यास हिंडूं फिरूं द्यावयाचें. बाहेरून पट्टीचा आधार व आंतून चालत्या पोटरीचा दाब, अशा कात्रींत सांपडून सांचलेलें रक्त वर सरकतें. नीलांच्या विकारामुळें झालेल्या व्रणावर ताणून बांधलेली पट्टी आजहि मुख्य उपचार आहे.

बव्हेरियांतील पाद्री सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) याचे अनुयायी करकोच्याप्रमाणें पाय उचलीत थंड पाण्यांतून चालत. रोगाच्या कारणांविषयींचीं त्याचीं मतें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. पण त्यानें बसलेल्या माणसांस चालावयास लाविलें, हें श्रेय त्याचें त्यास दिलेंच पाहिजे.

येथवर गोष्ट नीलांची झाली. रोहिणी अरुंद झाल्यास प्रकार उलटा होतो. बूले नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८३१ सालीं असा एक घोडा वर्णिला कीं, तो चालतां चालतां लंगडे व विसाव्यानें पुन्हां नीट चाले. तोच विकार माणसांत शार्को यानें १८५८ सालीं ओळखला. पोटरींत गोळे येऊन मनुष्य थांबतो; साहजिकच घरचीं माणसें त्यास चालूं नका म्हणतात. जर्मन वैद्य एर्ब यानें मात्र १८९८ सालींच चालण्याचा व्यायाम सुचविला, आणि १९६६ सालीं डेन्मार्कांतील संशोधकांनीं रोग्यांचे दोन गट करून त्याची परीक्षा घेतली. व्यायाम करणारे अधिक अंतर चालूं लागले. दुखूं लागेपर्यंत चालावें, थांबावें, पुन्हां चालावें, ही रीत आतां वैद्य स्वतःच सांगतात. आजोबांचे पाय रात्रीं चेपणारीं नातवंडें पुष्कळ. सकाळीं त्यांच्याबरोबर सावकाश चालणारें एखादेंच.

मात्र पट्टी बांधण्यापूर्वीं पावलावरील नाडी वैद्याकडून तपासून घ्यावी. रोहिणी बंद होत आलेल्या पायास घट्ट पट्टी घातक ठरते. मधुमेहानें बधिर झालेल्या पावलास शेक दिला तर कातडें भाजतें आणि रोग्यास तें कळतहि नाहीं. एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला तर त्यास तेल लावून चोळूं नये. आंत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. अशा वेळीं त्याच दिवशीं वैद्य गांठावा.