पांढरपेशं पान

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनचा डॉक्टर. राहायला गोदीच्या बाजूला. माणसांच्या नाड्या पाहून झाल्या की याचा उरलेला जीव नेच्यांत. मोठ्या हौसेने तो नेचे लावायचा आणि कोळशाच्या धुराने ते पटापट मरायचे. डॉक्टराच्याच दारात!

१८२९ साली त्याने एका रुंद तोंडाच्या बाटलीत ओली पानमाती घालून तीत पतंगाचा कोष ठेवला आणि वर झाकण लावलं. पाहायचा होता पतंग. पण मातीतून वर आलं नेच्याचं एक पिल्लू आणि गवताची एक काडी. दिवसा मातीतली वाफ काचेला लागायची आणि थंड होऊन परत खाली उतरायची. बाटलीत स्वतःपुरता पाऊस! नळाला पाणी किती वाजता येतं याची चौकशी नको. ही जोडी बाहेरून थेंबभरही पाणी न घेता जवळजवळ चार वर्षं सुखाने नांदली. मग डॉक्टरसाहेब बाहेरगावी असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि दोघंही दगावली. काचेतल्या त्या बागेचा बळी घेतला तो पाण्याने. ही हकिगत कागदावर उतरवून आमच्या सौभाग्यवतींच्या झारीला चिकटवायचा माझा विचार आहे.

त्या काळी चीनहून इंग्लंडला निघालेल्या हजार झाडांतलं एखादंच जिवंत पोचतं, असा अंदाज १८१९ साली चीनमधल्याच एका ब्रिटिश डॉक्टराने केला होता. (या डॉक्टर मंडळींना रोगी तरी होते की नाही, देव जाणे.) खारा वारा, वर ऊन, आणि गोडं पाणी खलाशांनाच पुरत नाही, तिथे कुंडीला कोण विचारतो? वॉर्डने १८३३ मध्ये काचेच्या दोन बंद पेट्या भरून सिडनीला पाठवल्या. झाडं टवटवीत पोचली. परतीला त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियाची झाडं आली. केप हॉर्नला डेकवर बर्फ साचलं होतं, तरी आतली मंडळी ढिम्म! पुढे चीनची चहाची रोपं हिंदुस्थानात आली ती असल्याच पेट्यांतून. आणि चहाबरोबर नुसतेच शोभेचे पाहुणेही जगभर हिंडू लागले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दिवाणखान्यांत पट्ट्यापट्ट्यांच्या, ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं भारी कौतुक सुरू झालं.

आता या पांढऱ्या पट्ट्याची गंमत अशी. पानातला हिरवा रंग म्हणजे झाडाची चूल. ऊन घ्यायचं आणि साखर रांधायची. पांढऱ्या पेशींत ही चूलच पेटलेली नसते. त्या जगतात शेजारच्या हिरव्या पेशींच्या कमाईवर, आणि बघणारा कौतुक करतो तो मात्र त्यांचं. पांढरपेशा हा शब्द इतका चपखल बसलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. रानात असलं झाड मागे पडतं. घरात त्याला खिडकीजवळची जागा लागते, कारण कमावणारं अंग कमी म्हणून उजेड जास्त. पण थेट ऊन नको, कारण साहेबांची कातडी लगेच करपते.

शिवाय मॉन्स्टेराचा हा पांढरेपणा बियांतून हमखास उतरत नाही. फांदी कापून लावायची, हा त्यावरचा नेहमीचा मार्ग. म्हणून एके काळी टंचाई, म्हणून भाव. २०२१ साली न्यूझीलंडात मॉन्स्टेराच्या एका छोट्या भावकीतलं, जेमतेम आठ-नऊ पानांचं पांढरट रोप लिलावात तिथल्या २७ हजार डॉलरांवर गेलं. तेवढ्या पैशांत कुणी माणसाला दत्तक घेतलं असतं.

आमच्या घरात असला मॉन्स्टेरा शिरला तो कन्येच्या पहिल्या पगारातून. नंतर कन्या नोकरीला बंगळूरला गेली आणि झाड आमच्या पदरात पडलं. फोनवर आधी झाडाची चौकशी, मग आमच्या गुडघ्यांची. सहावं पान अर्धं पांढरं आलं. सातवं अख्खं पांढरं, दुधासारखं! शेजारपाजारचे पाहून गेले. आठवंही तसंच आलं तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. एकामागून एक नुसती पांढरी पानं म्हणजे शेंड्याची उपासमार. देठावर हिरवी-पांढरी रेघ जिथे एकत्र दिसते तिथवर मागे कापायचं, एवढाच इलाज.

"अहो, पोरीची आठवण आहे ती," सौ. म्हणाल्या. "ती दिवाळीला येईल तोवर कात्री लावायची नाही."

पण दिवाळीला तीन महिने होते आणि सातव्या पानाची कड तपकिरी पडू लागली होती. शेवटी फोन केला. पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

"कापा, बाबा. पण आईला म्हणावं, पान टाकू नको."

सौ.नी ते पान पितळी तांब्यात पाणी घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. दहा-बारा दिवस टिकलं. खालच्या पेरावरचा डोळा आता फुगलाय. हिरवा फुटणार की पांढरा, अजून कळत नाही. सौ. रोज सकाळी चष्मा पुसून तो डोळा बघतात, आणि मी त्यांच्या हातातली झारी.