कधीच न आलेल्या मालिकेचा पहिला भाग

एक अंतराळवीर. सूर्याच्या फार जवळ गेल्यामुळे त्याच्या मेंदूत काहीतरी घडतं आणि ऊन असेपर्यंत तो जगातला सर्वांत हुशार माणूस होतो. सूर्य मावळला की पुन्हा तुमच्याआमच्यासारखा. सोबतीला बोलणारी मोटरसायकल. ती मुळात त्याचा बेकार रूममेट. किरणांच्या बंदुकीमुळे तो गाडीत मिसळून गेलाय. दोघांच्या मागावर नासाचा मारेकरी : रॉन सिल्व्हर हा खराखुरा नट, स्वतःच्याच नावाने!

'हीट व्हिजन अँड जॅक' नावाचा हा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, १९९९ साली अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीसाठी तयार झाला. 'नाइट रायडर'सारख्या ऐंशीच्या दशकातल्या मालिकांची ही टिंगल होती. पण पात्रं अगदी गंभीर चेहऱ्याने वावरतात, म्हणून जास्त हसू येतं. दिग्दर्शक बेन स्टिलर, नायक जॅक ब्लॅक, गाडीचा आवाज ओवेन विल्सनचा. लेखक मात्र दोन नवखी पोरं : रॉब श्राब आणि डॅन हार्मन.

फॉक्सने मालिका घेतली नाही.

यात नवल काही नव्हतं. तिथे दरवर्षी वाहिन्या ढीगभर कल्पना ऐकतात, त्यातल्या मोजक्यांचे पायलट काढतात आणि त्यातलेही बहुतेक कपाटात जातात. एका पायलटवर एवढा पैसा लागतो की दुसरी संधी कोण देणार? निकाल बंद खोलीत लागतो. ज्यांच्यासाठी विनोद केला, ते प्रेक्षक त्या खोलीत नसतातच.

हा पायलट मात्र कपाटात राहिला नाही. टेपच्या नकला हातोहात फिरल्या, पुढे तो इंटरनेटवर आला. आणि श्राब-हार्मन जोडीने लॉस एंजेलिसमध्ये 'चॅनल १०१' सुरू केलं. नियम साधा : पाच मिनिटांचा पायलट स्वतः बनवा, महिन्यातून एकदा हॉलमध्ये दाखवा. प्रेक्षक मत देतील. पहिल्या पाचांनी पुढच्या महिन्यात पुढचा भाग आणायचा. बाकीच्यांची मालिका बंद.

प्रेक्षकही काही दयाळू नव्हते. इथेही बहुतेक जण आपटत. पण आपटायला खर्च किती? एक कॅमेरा, चार मित्र, दोन सुट्ट्या. पुढच्या महिन्यात पुन्हा उभं राहता येई. इथेच अँडी सॅमबर्ग आणि त्याच्या दोस्तांच्या 'द लोनली आयलंड'ने हात साफ केला. २००५मध्ये ते 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर पोहोचले. इथेच जस्टिन रॉयलंडने एका वेड्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची ओबडधोबड कार्टून फिल्म दाखवली. तिच्यातून २०१३ साली रॉयलंड आणि हार्मनची 'रिक अँड मॉर्टी' आली.

ओवेन विल्सनलाही पुन्हा बोलणारी गाडी मिळाली : २००६च्या 'कार्स'मधला लायटनिंग मॅक्वीन.

नकार पचवायला हिंमत लागते, असं आपण ऐकत आलो. या गोष्टीत हिंमत आहेच; पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणीतरी चुकणं स्वस्त करून ठेवलं होतं.