कावसजीचे नाक

आमच्या नाशकाचे नाव नाकावरून पडले, हे इथले शेंबडे पोरसुद्धा सांगेल. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, नाकाला संस्कृतात नासिका म्हणतात, म्हणून हे नासिक. नऊ टेकड्यांवर वसलेले ते नवशिख, आणि त्याचे झाले नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. पांडवलेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत गावाचे नाव येते, तेव्हा नाव जुने आहे एवढे खरे. पण लोकांना गोष्ट आवडते ती नाकाचीच. गंमत अशी, की नाक कापल्याची कथा घरोघर माहीत. कापलेले नाक परत बसवल्याची खरीखुरी हकिगत याच महाराष्ट्रात घडली, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. तीच आज सांगायची आहे.

आधी नाकाचे मोल लक्षात घ्या. हात तुटला तर माणूस लंगडा-लुळा होतो, पण नाक गेले की तो माणसांतून उठतो. ‘नाक राहिले नाही’, ‘नाक वर करून चालतो’, ‘घराण्याचे नाक’ ही आपली बोलणी उगीच पडलेली नाहीत. जुन्या काळी कैद्याचे, चोराचे, संशय आलेल्या बायकोचे नाक कापीत. ते त्याला मारण्यासाठी नव्हे; त्याने जगावे आणि गावाने त्याच्याकडे रोज पाहावे, हा त्यातला हेतू.

आता कावसजीकडे येऊ. 1790 ते 1792 या काळात इंग्रजांची टिपू सुलतानाशी लढाई चालू होती. पेशव्यांच्या वतीने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते. फौज पोटावर चालते आणि त्या काळी ते पोट बैलाच्या पाठीवर असे. दाणागोटा, दारूगोळा, तंबू, सगळे बैल वाहत. कावसजी हा इंग्रजी फौजेतला असाच एक बैलवाला. नाव पारशी वाटते खरे, पण ज्या पत्रातून त्याची माहिती आपल्याला मिळते त्यात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्वच्छ लिहिले आहे. तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले. पेन्शनीने पोट भरले असेल, चेहऱ्याचे काय?

वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग 1793 च्या मार्च महिन्याच्या सुमारास पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. तो माणूस राजवैद्य नव्हता, हकीम नव्हता, साहेबी डॉक्टरही नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीतला होता. आपण त्याला कुंभार म्हणू.

कुंभाराने काय केले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यातले क्रुसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया स्वतः उभे राहून पाहिली, म्हणून ती बारकाव्यांसह नोंदली गेली. आधी मेणाचा एक पातळ पापुद्रा घेऊन नाकाच्या बुडख्यावर बसवायचा आणि त्याला शोभेलशा नाकाचा आकार द्यायचा. मग तोच पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. मातीच्या कामातला हात हा, मापाला चुकायचा नाही. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मधोमध एक अरुंद पट्टी तशीच अंगाला लागलेली ठेवायची. नाकाच्या जुन्या जखमेच्या कडा तासून ताज्या करायच्या, कपाळावरची ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या ताज्या खाचेत बसवायच्या.

आंब्याचे भेटकलम ज्यांनी बांधले आहे त्यांना यातली खुबी लगेच उमगेल. आपण चांगल्या झाडाची फांदी आधी तोडत नाही. ती झाडावर असतानाच रोपाला छेद जुळवून बांधतो; आईचा रस तिला मिळत राहतो, आणि जोड एकजीव झाला की मगच कापतो. भुवयांमधली ती पट्टी म्हणजे आईची फांदी. तिच्यातून रक्त येत राहते म्हणून नवी कातडी मरत नाही. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, कातडीने नव्या जागी मूळ धरले म्हणजे, ती पट्टी कापून टाकीत.

आणि औषध? आपल्या पानाच्या डब्यातला कात. तो पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक जोडावर बसवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली फडकी. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. गुंगीचे औषध तर नव्हतेच. ईथर आणि क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नास-एक वर्षे होती. कंपनीच्या नोकरीतल्या एका डॉक्टराने हिंदुस्थानात अशी क्रिया पाहिली तिला दीड तास लागला. हत्यार म्हणजे जुना वस्तरा, कातडी सोडवताना त्याची धार सारखी बोथट व्हायची आणि सारखी लावून घ्यावी लागायची. तो दीड तास रोगी जागा होता. ज्याच्या अंगावर आधीच दोनदा शस्त्र चालले होते, तो कावसजी तिसऱ्यांदा आपण होऊन शस्त्राखाली बसला, हे मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोठे वाटते.

आता शहाण्यासुरत्यांनी या विद्येकडे कसे पाहिले ते बघू. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याची कृती आहे. झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी वळवावी, असे तिच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. पण ग्रंथ वैद्यांच्या घरी राहिला आणि शस्त्र त्यांच्या हातून गेले. रक्तामांसाला हात लावणे हलके मानले गेले आणि ते काम खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींकडे उतरले. पोथी एकाकडे, वस्तरा दुसऱ्याकडे, आणि दोघांचे बोलणे नाही. आपल्या समाजाचे यात किती नुकसान झाले याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

युरोपातही निराळे नव्हते. इटलीत बोलोन्या येथे तालियाकोत्सी नावाच्या शस्त्रवैद्याने दंडाची कातडी वळवून नाक करण्याची पद्धत 1597 साली ग्रंथरूपाने छापली. पण पुढे तिची थट्टाच अधिक झाली. दुसऱ्याच्या मांसाचे नाक लावले, तर तो दुसरा मेल्याबरोबर नाकही गळून पडते, अशा कंड्या पिकल्या. तालियाकोत्सी रोग्याच्या स्वतःच्याच दंडाची कातडी घेई, पण थट्टेखोराला एवढी चौकशी कशाला हवी! विद्या मागे पडली. अशा मंडळींना, हिंदुस्थानातला एक विटा पाडणारा माणसाला नवे नाक देतो, हे कोणी नुसते तोंडी सांगितले असते तर ती प्रवाशाची थाप ठरली असती.

ती थाप ठरली नाही याचे श्रेय कावसजीच्या तोंडाला आहे. तोंडातल्या शब्दांना नव्हे, प्रत्यक्ष मुखाला. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्या वेळी पुण्यात होता. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणारा हाच तो. पेशव्याचे रूप टिपणाऱ्या त्या कुंचल्याने जानेवारी 1794 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, एका बैलवाल्याचे चित्र काढले. ज्याने वर्षभर लोकांच्या नजरा चुकवल्या असतील, तो नजर रोखून पाहणाऱ्या चित्रकारापुढे बसला. त्या चित्राचा ठसा आणि मेणाच्या पापुद्र्याच्या आकृत्या यांसह एक पत्र लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आले. वर सांगितलेली कृती त्यातलीच.

तरी वीस वर्षे लंडनमध्ये हे नाक कोणी यशस्वी करून दाखवले नाही. जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनाने मात्र ते मनावर घेतले. हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे त्याने चौकशी केली. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील राहिलेल्या सर चार्ल्स मॅलेटला पत्र घातले. हे काम कुंभार किंवा विटा पाडणारे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत आणि ते नेहमीच नाही, पण बहुधा साधते, असे मॅलेटने कळवले. ‘नेहमीच नाही’ हे शब्द मला आवडतात. खरा साक्षीदार असाच बोलतो.

कार्प्यूने मृतदेहांवर हात बसवला. पण जिवंत माणूस पुढे आल्याशिवाय काय होणार? अखेर एक लष्करी अधिकारी आला. यकृताच्या दुखण्यावर पारा खाऊन त्याचे नाक झडले होते. 23 ऑक्टोबर 1814 रोजी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. फार दुखले, पण ओरडून उपयोग काय, अशा अर्थाचे तो नंतर म्हणाला. पट्टी सोडली तेव्हा खोलीतला त्याचा सोबती, अरे देवा, इथे तर नाक आहे, म्हणून उद्गारला. दुसरा रोगी कॅप्टन लेथॅम. 1811 साली स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईत पलटणीचे निशाण राखताना त्याचा एक हात गेला आणि नाकही छाटले गेले. पाहा, कावसजीचीच जोडी! कार्प्यूने 1816 साली दोघांची हकिगत छापली. 1818 मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि ‘हिंदुस्थानी पद्धत’ हे नाव युरोपभर रुळले. नाकाच्या कर्करोगात किंवा अपघातात नाक गेल्यावर कपाळाची कातडी वळवण्याची रीत आजचे सर्जनही वापरतात. हत्यारे आणि टाके अर्थात सुधारले आहेत.

इकडे आपल्या देशात काठेवाडात जुनागडला कादू मकराणी नावाच्या दरोडेखोराने लोकांची नाके कापण्याचा सपाटा लावला, तेव्हा संस्थानचे मुख्य डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी शंभरावर माणसांची नाके केली आणि 1889 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट वर्गात सांगावी. मेणाचा तुकडा आणि मातीचा मुखवटा घेतला तर मुलांना कृती चटकन कळते.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुरे करता येत नाही. डॉ. नोशीर अंतिया विलायतेत गिलीज यांच्या हाताखाली शिकून परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात नाकाची वरची कातडी शाबूत राहते, पण आतले अस्तर आणि कूर्चा आक्रसून नाक बसते. बाजारात त्या नाकावरून माणूस दुरूनच ओळखला जातो, रोग बरा झाल्यावरसुद्धा. तिथे कपाळाला हात लावावा लागत नाही. वरच्या ओठाच्या आतून शिरून आत नवे अस्तर घालतात आणि नाक पुन्हा उभे करतात. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अंतियांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि या रोग्यांना इतर रोग्यांच्या शेजारी खाटा दिल्या. त्या काळी सर्वसाधारण रुग्णालय अशा रोग्याला दारातही उभे करीत नसे, आणि भिणाऱ्यांत शिकलेले डॉक्टरही होते. 2007 साली अंतिया वारले. त्यांचे नाव, काम, ग्रंथ सारे नोंदलेले आहे.

कोंढवा पुण्याजवळच, आणि तो कुंभारही पुण्याजवळचाच. बैलवाल्याचे नाव लंडनपर्यंत गेले, चित्रकाराचे गेले, पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांचे गेले. कुंभाराचे नाव काय, हे कोणी लिहून ठेवले नाही.